आगोटीच्या आधी लॅपटॉप निजवायला शिका: लिनक्सवर सस्पेंड आणि हायबरनेट

मे संपत आला की आमच्याकडे आगोटीची धावपळ सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी, मीठ, मसाला डब्यांत भरून होतो, फुटलेली कौलं बदलून होतात. त्या यादीत मी गेल्या काही वर्षांपासून एक काम वाढवलंय. लॅपटॉप नीट झोपतो का आणि झोपलेला नीट उठतो का, हे एकदा तपासून ठेवायचं. मृग लागला की देवगडकडच्या आमच्या वाडीत लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नसतो. वाऱ्याने फांदी तारेवर पडते, वायरमन बिचारा भर पावसात खांब तपासत फिरतो, तोवर इन्व्हर्टर बसलेला असतो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, त्या दिवशी माझ्या स्क्रीनवर आंब्याच्या पेट्यांचा हिशेब उघडा होता. लाईट गेली, मी झाकण मिटलं आणि 'झोपलाय तो' असं समजून खिडक्यांना गोणपाट लावायला धावलो. लाईट आली ती काही दिवसांनी. लॅपटॉपची बॅटरी त्याआधीच, बहुधा पहिल्याच रात्री, संपली होती आणि सेव्ह न केलेले चाळीसेक गिऱ्हाइकांचे आकडे तिच्याबरोबर गेले. लॅपटॉप सस्पेंड झाला होता, म्हणजे सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं. चूक माझी. मला हवं होतं हायबरनेट, आणि ते माझ्या मशीनवर चालूच नव्हतं.

आधी लिहिण्याच्या पद्धतीबद्दल

इथल्या कमांड मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. मावसभावाला फोनवर सांगतो अगदी तशाच. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं छोटी. आकडेही इंग्रजीच. रेघा, टिंबं, तिरप्या रेघा दिसतात तशाच घ्या. 'सिस्टिमसीटीएल' हा एकच शब्द आहे, सिस्टिमला सी-टी-एल चिकटवून. 'सुडो' म्हणजे एस-यू-डी-ओ आणि 'टी' म्हणजे टी-ई-ई.

झोपेचे प्रकार

'अरे, ढाकण घातल्यार ह्यो नेमका करता तरी काय?' हा मावसभावाचा प्रश्न, आणि तो रास्त आहे.

सस्पेंडमध्ये प्रोसेसर, स्क्रीन, डिस्क सगळं थांबतं, पण रॅम चालू राहते. उघडी फाइल, ब्राउझरच्या टॅब, सगळं रॅममध्ये जसंच्या तसं असतं आणि ते टिकवायला रॅमला थोडीथोडी वीज लागतच राहते. रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकतात तसं हे. सकाळी फुंकर मारली की पेटतो, पण मध्येच विझला तर पुन्हा काडी लावण्यावाचून गत्यंतर नाही.

हायबरनेटमध्ये रॅममधलं सगळं डिस्कवरच्या स्वॅपमध्ये, म्हणजे रॅमचा माल ठेवायला राखलेल्या जागेत, उतरवलं जातं आणि मशीन पूर्ण बंद होतं. बॅटरी काढून ठेवा, आठ दिवस लाईट नसू दे, काही बिघडत नाही. चालू केलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती उतरवलेली प्रतिमा परत रॅममध्ये भरतो. उठायला वेळ जास्त लागतो, एवढाच तोटा.

सस्पेंडमध्येही पुन्हा दोन जाती आहेत. जुनी, खोल झोप म्हणजे एसीपीआयच्या (मशीनच्या विजेचा कारभार ठरवणाऱ्या मानकाच्या) भाषेतली एस-३. लिनक्स तिला 'डीप' म्हणतो. दुसरी 'एस२आयडल': मशीन तांत्रिकदृष्ट्या जागंच असतं, फक्त प्रत्येक भाग शक्य तितका निपचित पडतो. मोबाइलसारखं. विंडोजच्या जगात हिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपांत, विशेषतः इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढे, कंपन्यांनी एस-३ काढूनच टाकलं आहे. 'पूर्वीचा लॅपटॉप रात्रभर टिकायचा, नवा सकाळपर्यंत मरतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

पहिली पायरी: आपलं मशीन काय काय करू शकतं

टर्मिनल उघडा आणि विचारा:

कॅट /सिस/पॉवर/स्टेट

उत्तरात 'फ्रीझ मेम डिस्क' असे शब्द येतील. 'मेम' म्हणजे सस्पेंड जमतं, 'डिस्क' म्हणजे हायबरनेटला कर्नलची तयारी आहे. 'डिस्क' गायब असेल तर घाबरू नका, त्याचं सर्वांत नेहमीचं कारण सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलाच कर्नल चालू देणारं मशीनमधलं कुलूप. त्यावर पुढे येतोच.

मग:

कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप

इथे '[एस२आयडल] डीप' असं काहीसं दिसेल. चौकटी कंसात आहे ती सध्याची निवड. फक्त एस२आयडल दिसलं तर एकदा बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) डोकावून या. काही थिंकपॅड मॉडेलांत पॉवरच्या पानावर 'स्लीप स्टेट' नावाची निवड असते. तिथे 'विंडोज' ऐवजी 'लिनक्स' केलं की डीप उपलब्ध होतं. अशी निवड नसेल तर विषय संपला, एस२आयडलशीच संसार करायचा.

दोन्ही दिसत असतील तर डीप तात्पुरतं लावून बघा:

एको डीप | सुडो टी /सिस/पॉवर/मेम_स्लीप

हे फक्त पुढच्या रीबूटपर्यंत टिकतं, आणि तेच बरं. डीपमधून मशीन उठलंच नाही तर पॉवर बटण दहा सेकंद दाबून बंद करा, चालू करा, सगळं पूर्ववत. आठवडाभर वापरून भरवसा बसला की मगच कायमचं करा: ग्रबच्या (बूट होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) कर्नल ओळीत 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' घाला. ती ओळ कुठे असते ते हायबरनेटच्या भागात आहे.

दुसरी पायरी: सस्पेंडची परीक्षा

झाकण मिटून आणि उघडून परीक्षा घेऊ नका. झाकण, कीबोर्ड, डेस्कटॉप यांपैकी नक्की कोण चुकलं ते त्यात कळत नाही. सगळी कामं सेव्ह करून ही कमांड द्या:

सुडो आरटीसीवेक -एम मेम -एस ६०

मशीन लगेच झोपेल आणि आतलं घड्याळ साठ सेकंदांनी त्याला उठवेल. उठलं, वायफाय आलं, आवाज आला, टचपॅड चालला, तर पाया पक्का. मग पुरावा बघा:

सुडो जर्नलसीटीएल -के | ग्रेप पीएम:

यात 'पीएम' कॅपिटल. 'सस्पेंड एंट्री' आणि त्यानंतर 'सस्पेंड एक्झिट' अशी जोडी दिसली पाहिजे. एंट्रीशेजारच्या कंसात डीप की एस२आयडल तेही लिहिलेलं असतं. मशीन उठलंच नसेल आणि सक्तीने बंद करावं लागलं असेल, तर मागच्या बूटची नोंद वाचायची, म्हणजे त्याच कमांडमध्ये '-बी -१' वाढवायचं. शेवटच्या पाच-सात ओळींत ज्या ड्रायव्हरचं नाव अडकलेलं दिसेल, तो पहिला संशयित.

आता रात्रीची परीक्षा. निजण्याआधी चार्जर काढा आणि बॅटरी किती टक्के आहे ते लिहून ठेवा:

कॅट /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/कपॅसिटी

यात 'बॅट' कॅपिटल, आणि काही मशीनवर शून्याऐवजी एक असतो. सस्पेंड करा, सकाळी पुन्हा आकडा बघा. रात्री अकराला ९० आणि सकाळी सातला ८२ असेल तर तासाला एक टक्का. चालण्यासारखं आहे. ९० वरून ४० वर आलं असेल तर ती झोप नव्हे, रात्रभर जागरण आहे.

बॅगेत तापणारा लॅपटॉप

या भागावर थोडा रेंगाळतो, कारण प्रवास करणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतं ते हेच. एकदा कणकवलीहून पनवेलला निघालो होतो. लॅपटॉप झाकण मिटून सॅकमध्ये. गर्दी होती म्हणून सॅक मांडीवर घेतलेली. रत्नागिरी मागे पडली, गाडी साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्यात शिरली आणि मला पोटाशी ऊब जाणवायला लागली. आधी वाटलं शेजारच्या काकूंचा चहाचा थर्मास टेकलाय. सॅक उघडली तर आत पंखा भुणभुणत होता आणि लॅपटॉपचा तळ तव्यासारखा.

गुन्हेगार होता वायरलेस माउसचा नखाएवढा यूएसबी रिसीव्हर. तो पोर्टमध्ये तसाच राहिला होता, आणि माउस त्याच सॅकमध्ये डब्याला घासत हलत होता. प्रत्येक हलण्यासरशी लॅपटॉप जागा व्हायचा, झाकण मिटलेलं बघून अर्ध्या मिनिटाने पुन्हा झोपायचा, आणि गाडीच्या पुढच्या हिसक्याला पुन्हा जागा.

कोणाकोणाला मशीन उठवायची परवानगी आहे ते असं बघतात:

कॅट /प्रॉक/एसीपीआय/वेकअप

यादीत प्रत्येक नावापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' असतं. यूएसबीचं नाव बहुधा 'एक्सएचसी' किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं, आणि ते कॅपिटल. झाकणाचं नाव 'लिड' ने सुरू होतं, त्याला हात लावू नका. यूएसबीची परवानगी काढायची तर:

एको एक्सएचसी | सुडो टी /प्रॉक/एसीपीआय/वेकअप

इथे एक खोच आहे. ही कमांड परवानगी 'काढत' नाही, 'उलटवते'. दोनदा दिलीत तर होतं तिथेच परत आलात. शिवाय रीबूटनंतर हे विसरलं जातं, म्हणून बूट होताना एकदाच चालणारी छोटी सिस्टिमडी सर्व्हिस करावी लागते. ती 'वनशॉट' प्रकारची असू द्या आणि मध्येच हाताने पुन्हा सुरू करू नका, नाहीतर सगळं उलटं.

आणि खरं सांगू? हे सगळं करूनही मी प्रवासाला निघताना रिसीव्हर काढून खिशात ठेवतो, आणि गाडीचा प्रवास असेल तर सस्पेंड नाहीच, सरळ हायबरनेट. बंद असलेलं मशीन तापत नाही.

तिसरी पायरी: हायबरनेटची जागा करणं

इथे बाही वर सारायची. चार गोष्टी जुळाव्या लागतात: सिक्युअर बूट बंद, पुरेसा स्वॅप, कर्नलला स्वॅपचा पत्ता, आणि बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या इनिट-रॅम-एफएसलाही तोच पत्ता. एक जरी राहिली तर मशीन झोपेल, पण उठताना कोऱ्या चेहऱ्याने नव्याने बूट होईल.

सिक्युअर बूट आधी. ते चालू असेल तर बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंचा (उबंटू, फेडोरा अशा लिनक्सच्या प्रकारांचा) कर्नल स्वतःला 'लॉकडाउन' मध्ये ठेवतो आणि हायबरनेट नाकारतो. तपासायला:

सुडो कॅट /सिस/कर्नल/सिक्युरिटी/लॉकडाउन

कंसात 'नन' असेल तर मार्ग मोकळा. 'इंटेग्रिटी' असेल तर बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करावं लागेल. त्याच मशीनवर विंडोज आणि बिटलॉकर असेल तर थांबा. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की आधी कागदावर उतरवून घ्या.

आता स्वॅप:

स्वॅपऑन --शो
फ्री -एच

पहिल्या कमांडच्या उत्तरात फक्त 'झेडरॅम' दिसलं, जसं फेडोरावर दिसतं, तर ते हायबरनेटच्या कामाचं नाही. झेडरॅम हा रॅममध्येच बसलेला स्वॅप, आणि रॅम तर आपण बंद करणार आहोत. डिस्कवर खरी जागा लागते.

किती? कर्नल प्रतिमा दाबून लिहितो आणि ती रॅमच्या दोन पंचमांशांच्या आत बसवायचा प्रयत्न करतो, म्हणून रॅमपेक्षा कमी स्वॅपवरही पुष्कळदा निभावतं. पण स्वॅपमध्ये आधीच काही जाऊन बसलेलं असू शकतं. माझा हिशेब सोपा आहे: ८ जीबी रॅम तर १२ जीबी स्वॅप, १६ असेल तर २०. डिस्कवर चार जीबी वाचवून काय सोनं लागणार आहे?

स्वॅपचं वेगळं पार्टिशन पुरेसं मोठं असेल तर उत्तम, पुढचं फाइलचं प्रकरण सोडून द्या. नसेल तर फाइल करायची. मी इथे ईएक्सटी-४ फाइलसिस्टिम धरून सांगतो:

सुडो स्वॅपऑफ /स्वॅपफाइल
सुडो डीडी आयएफ=/डेव्ह/झिरो ऑफ=/स्वॅपफाइल बीएस=१एम काउंट=१२२८८ स्टेटस=प्रोग्रेस
सुडो सीएचमॉड ६०० /स्वॅपफाइल
सुडो एमकेस्वॅप /स्वॅपफाइल
सुडो स्वॅपऑन /स्वॅपफाइल

पहिली ओळ जुनी स्वॅपफाइल असेल तरच. उबंटूच्या काही इन्स्टॉलमध्ये तिचं नाव 'स्वॅप.आयएमजी' असतं, तेव्हा सगळीकडे तेच नाव वापरा. 'बीएस=१एम' मधला एम कॅपिटल. १२२८८ म्हणजे बारा गुणिले १०२४, बारा जीबी. 'ऑफ=' मध्ये एकच एफ, आणि त्याच्यापुढचं नाव दोनदा वाचा. डीडी ही कमांड माफी देत नाही. /ईटीसी/एफएसटॅब मध्ये या फाइलची ओळ आधीपासून नसेल तर घाला, म्हणजे दर बूटला ती आपोआप चालू होईल:

/स्वॅपफाइल नन स्वॅप एसडब्ल्यू ० ०

चौथी पायरी: कर्नलला पत्ता देणं

पत्त्याचे दोन भाग. फाइल कोणत्या पार्टिशनवर आहे तो यूयूआयडी, आणि त्या पार्टिशनवर नेमकी कुठे सुरू होते तो ऑफसेट. गाव आणि घर नंबर म्हणा.

फाइंडएमएनटी -एनओ यूयूआयडी -टी /स्वॅपफाइल
सुडो फाइलफ्रॅग -व्ही /स्वॅपफाइल | हेड

पहिल्या कमांडमध्ये यूयूआयडी आणि शेवटचा टी कॅपिटल. ती एक लांबलचक यूयूआयडी देईल. दुसरीच्या उत्तरात तक्ता येतो. त्यात शून्य क्रमांकाची, पहिली ओळ बघा. तिसरा रकाना 'फिजिकल ऑफसेट' चा, आणि त्यातला पहिला आकडा आपला. त्याला मागे चिकटलेली दोन टिंबं घ्यायची नाहीत. मी पहिल्या खेपेला चुकून शेजारच्या 'लॉजिकल' रकान्यातलं शून्य उचललं होतं आणि अर्धा दिवस डोकं आपटलं.

बीटीआरएफएस वाल्यांनी फाइलफ्रॅगवर विश्वास ठेवू नका, तिथे तो आकडा चुकीचा येतो. त्यांच्यासाठी स्वॅपफाइल बनवायची कमांडच वेगळी आहे, 'बीटीआरएफएस फाइलसिस्टिम एमकेस्वॅपफाइल', आणि ऑफसेट काढायला:

सुडो बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल -आर, आणि पुढे फाइलचा पूर्ण मार्ग.

दोन्ही आकडे हातात आले की /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब ही फाइल सुडो नॅनोने उघडा. त्यात 'ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट' अशी संपूर्ण कॅपिटल अक्षरांतली ओळ असते. तिच्या अवतरणचिन्हांच्या आत, आधीच्या शब्दांनंतर स्पेस देऊन हे जोडा ('यूयूआयडी=' हा शब्द कॅपिटल):

रिझ्यूम=यूयूआयडी=तुमची-यूयूआयडी रिझ्यूम_ऑफसेट=तुमचा-आकडा

स्वॅप पार्टिशन वापरत असाल तर सुडो बीएलकेआयडी मधून त्या पार्टिशनची यूयूआयडी घ्या, ऑफसेट लागत नाही. मग डेबियन, उबंटू, मिंटवर:

सुडो अपडेट-ग्रब

आणि /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये 'रिझ्यूम=यूयूआयडी=...' ही एकच ओळ. इथला 'रिझ्यूम' आणि 'यूयूआयडी' दोन्ही कॅपिटलमध्ये. नंतर:

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल

आर्चवर 'एमकेइनिटसीपीआयओ' च्या हुक्समध्ये 'यूडेव्ह' नंतर कुठेतरी 'रिझ्यूम' घालावं लागतं. तिथे 'सिस्टिमडी' हा हुक असेल तर वेगळं काही लागत नाही. फेडोरावर ड्रॅकटमध्ये रिझ्यूम मॉड्यूल जोडून 'सुडो ड्रॅकट -एफ'.

रीबूट करा आणि लगेच झोपवण्याची घाई करू नका. आधी एवढं बघा:

कॅट /सिस/पॉवर/रिझ्यूम
कॅट /सिस/पॉवर/रिझ्यूम_ऑफसेट

पहिल्याचं उत्तर '०:०' असेल तर कर्नलला पत्ता मिळालेलाच नाही, वरची एखादी पायरी चुकली. '८:२' किंवा '२५९:३' असं काही असेल आणि ऑफसेटचा आकडा जुळत असेल, तर पुढे चला. एवढ्या एका तपासणीने माझे निम्मे फोन कमी झालेत.

पाचवी पायरी: खरं हायबरनेट

एका एडिटरमध्ये 'गाऱ्हाणं घालतो, महाराजा' असं काहीतरी लिहून सेव्ह न करता ठेवा. बाकी कामाचं सगळं सेव्ह करा. मग:

सुडो सिस्टिमसीटीएल हायबरनेट

स्क्रीन काळी होईल, डिस्कचा दिवा लुकलुकेल आणि मशीन पूर्ण बंद होईल. पंखा थांबला, दिवा विझला, याची खात्री करा. पॉवर बटण दाबा. ग्रबचा मेनू नेहमीसारखाच दिसेल. इथे पुष्कळांना वाटतं की गेलं सगळं. थांबा, तीच नेहमीची एंट्री निवडा. थोड्या वेळाने लॉक स्क्रीन येईल आणि आत तुमचं गाऱ्हाणं जिथल्या तिथे असेल.

'पुरेसा स्वॅप नाही' अशी तक्रार आली तर स्वॅपऑन --शो पुन्हा बघा. बंदच होत नसेल, स्क्रीन काळी होऊन अडकत असेल, तर दोष ड्रायव्हरचा की बायोसचा हे वेगळं काढायला कर्नलने एक सोय दिली आहे. /सिस/पॉवर/डिस्क मध्ये 'टेस्ट_रिझ्यूम' लिहून हायबरनेट केलं की प्रतिमा लिहिली जाते आणि मशीन बंद न होता लगेच परत भरली जाते. हे जमलं आणि खरं हायबरनेट जमलं नाही, तर त्याच फाइलमध्ये 'प्लॅटफॉर्म' ऐवजी 'शटडाउन' लिहून बघा. जुन्या बायोसच्या मशीनवर एवढ्यानेच काम झालेलं मी दोनदा पाहिलंय.

सहावी पायरी: आपोआप व्हायला हवं

कमांडने झोपणारा लॅपटॉप वादळात काय कामाचा? तेव्हा आपण गोणपाट बांधत असतो.

मला सगळ्यात आवडते ती 'सस्पेंड-देन-हायबरनेट' ही रीत. झाकण मिटलं की आधी सस्पेंड, ठरलेल्या वेळेत कुणी उघडलं नाही तर घड्याळ मशीनला क्षणभर उठवतं आणि ते स्वतःच हायबरनेट होतं. /ईटीसी/सिस्टिमडी/स्लीप.कॉन्फ मध्ये 'स्लीप' या चौकटी शीर्षकाखाली:

हायबरनेटडिलेसेक=३०मिन

आणि /ईटीसी/सिस्टिमडी/लॉगइनडी.कॉन्फ मध्ये 'लॉगइन' शीर्षकाखाली:

हँडललिडस्विच=सस्पेंड-देन-हायबरनेट

या दोन्ही नावांत जोडलेल्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, आणि दोन्ही शीर्षकांचंही. फाइल नसेल तर नवी करा. मग रीबूट. केडीई आणि एक्सएफसीई मात्र झाकणाचा कारभार स्वतःच्या हाती घेतात, तिथे त्यांच्या पॉवर सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं. हायबरनेटचं बटण मेनूत दिसत नसेल तर ते पोलकिटच्या (परवानग्या सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांनी अडवलेलं असतं. मी त्या भानगडीत पडत नाही, कीबोर्डवर शॉर्टकट आणि झाकण पुरतं.

दुसरी राखण यूपॉवरची, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या प्रोग्रामची. जागं मशीन वापरता वापरता बॅटरी संपत आली की तो कारवाई करतो, पण मुळात दोन टक्क्यांवर. खाऱ्या हवेत पाच वर्षं काढलेल्या माझ्या बॅटरीला दोन टक्के म्हणजे थट्टा वाटते, ती नऊवरून थेट शून्यावर उडी मारते. म्हणून /ईटीसी/यूपॉवर/यूपॉवर.कॉन्फ मध्ये (दोन्हीकडे यू आणि पी कॅपिटल) मी असं ठेवलंय, आणि खालच्या नावांतही जोडलेल्या प्रत्येक शब्दाचं, तसंच 'हायबरनेट' चं, पहिलं अक्षर कॅपिटल:

पर्सेंटेजलो=३०
पर्सेंटेजक्रिटिकल=२०
पर्सेंटेजॲक्शन=१५
क्रिटिकलपॉवरॲक्शन=हायबरनेट

तीन आकडे उतरत्या क्रमानेच हवेत. फक्त शेवटचा वाढवून वरचे तसेच ठेवलेत तर यूपॉवर तिन्ही मूल्यं गुपचूप फेकून देतो आणि आपल्या मूळ आकड्यांवर जातो. एरर नाही, काही नाही. बदलून झाल्यावर 'सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट यूपॉवर'. आणि हे ध्यानात असू द्या, की यूपॉवर जागेपणीच राखण करतो. सस्पेंडमध्ये तोही झोपलेला असतो, म्हणून वरची अर्ध्या तासाची सोय वेगळी हवीच.

उठल्यावर रडणारे

वायफाय परत येत नसेल तर 'एलएसपीसीआय -के' ने त्याच्या ड्रायव्हरचं नाव काढा, 'मॉडप्रोब -आर' ने काढून पुन्हा लावून बघा. त्याने काम झालं तर /यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम-स्लीप मध्ये एक छोटी स्क्रिप्ट टाका. तिला झोपताना 'प्री' आणि उठताना 'पोस्ट' असा शब्द मिळतो, त्यानुसार ड्रायव्हर काढा-लावा. एनव्हिडियाचा कंपनीवाला ड्रायव्हर असेल आणि उठल्यावर स्क्रीनवर रांगोळी दिसत असेल, तर एनव्हिडिया-सस्पेंड, एनव्हिडिया-हायबरनेट आणि एनव्हिडिया-रिझ्यूम या तिन्ही सर्व्हिसेस एनेबल आहेत का ते बघा.

दोन ताकिदी. विंडोजही असेल तर लिनक्स हायबरनेट असताना विंडोजमध्ये शिरून सामायिक पार्टिशनवर काही लिहू नका, आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. दोघांच्या डोक्यात डिस्कचं वेगवेगळं चित्र राहिलं की फाइलसिस्टिमची वाट लागते. दुसरं, डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर हायबरनेटची प्रतिमा उघड्यावर असते. पासवर्डसकट जे रॅममध्ये होतं ते सगळं त्यात आहे. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांनी इन्स्टॉल करतानाच पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करावी. मात्र दर बूटला नवी किल्ली घेणारा स्वॅप चालत नाही, जुन्या किल्लीशिवाय प्रतिमा उघडणार कशी?

कर्नलचं अपडेट आलं की आधी रीबूट, मग हायबरनेट. स्वॅपफाइल कधी पुसून नव्याने केलीत तर ऑफसेट बदलतो, चौथी पायरी पुन्हा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरचा मेन स्विच पाडतो. आई ओरडते, तिची मालिका असते. लॅपटॉपवर हिशेबाची शीट उघडी, चार्जर लावलेला पण मेलेला, आणि मी पडवीत बसून आकडा उतरताना बघतो. पंधरावर स्क्रीन काळी होते आणि घड्याळ लावून मोजतो, दिवा विझायला किती लागले. गेल्या वर्षी ते सावकाश झालं, विझताना बॅटरी दहावर होती. यंदा आठवर आली, तर ॲक्शनचा आकडा अठरा करून ठेवलाय.